कुंदाताईंचे उपवास

कुंदाताई परब सोमवारी उपवास करायच्या, मंगळवारी करायच्या, गुरुवारी करायच्या आणि शनिवारीही करायच्या. संकष्टी आणि एकादशी वेगळ्या. बुधवारी "आज पोट जडच आहे गो" म्हणून जेवायच्या नाहीत, आणि शुक्रवारचं काही ना काही कारण निघायचंच. मुलुंडच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब होती. तिथे दोन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं. त्या दोन वर्षांत मी त्यांना चपाती खाताना पाहिलेलं नाही.

त्यांच्याकडे झाकणाचा एक स्टीलचा पेला होता. त्यात पेज असायची. "वरीची आहे, उपवासाला चालते," असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी मान डोलावली. मी अंधेरीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरी उपवास कुणी करत नाही. वरी म्हणजे काय हे मला नंतर गुगल करून बघावं लागलं. ज्यांना वरी आणि तांदूळ यातला फरक कळत होता, त्यांनी कधी त्या पेल्यात डोकावून पाहिलं नाही.

"कुंदाताईंच्या पुण्याईवर चाललीये आपली लॅब," असं वैशाली म्हणायची. वैशाली कॉम्प्युटरवर सगळ्या नोंदी ठेवायची आणि तिच्याकडे प्रत्येकासाठी एक वाक्य तयार असायचं. "देवाने एकदा तरी खाली येऊन विचारायला पाहिजे यार, की बाई, तुला नक्की पाहिजे काय?"

"पर्मनंट ऑर्डर," कुंदाताई मान वर न करता म्हणायच्या.

सगळे हसायचे. त्यात विनोद नव्हता हे मला फार उशिरा कळलं. सोळा वर्षं त्या अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होत्या. अकरा महिने काम, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने.

आमचं काम क्रोन्स या आजारावर होतं. हा आतड्याचा जुनाट आजार. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आतड्याच्या भिंतीत शिरून तिथेच भडका उडवतात, आणि तो भडका आतल्या अस्तरापुरता राहत नाही, भिंतीच्या आरपार जातो. त्या भिंतीत फायब्रोब्लास्ट नावाच्या दुसऱ्या पेशी असतात. जखम झाली की चिवट धागे तयार करून ती भरून काढायची, हे त्यांचं काम. रक्षक पेशींचे निरोप येत राहिले की त्या धागे तयार करतच राहतात. भिंत जाड होते, कडक होते, आतली वाट आकसत जाते. शेवटी तिथून अन्न पुढे सरकत नाही. सूज औषधांनी उतरते. व्रण उतरत नाही; तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. या दोन पेशींची बोलणी भिंतीत नेमकी कुठे चालतात, हे आमच्या सरांना शोधायचं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्याचे तुकडे खालून आमच्याकडे यायचे. नाव नसायचं, फक्त नंबर.

हे सगळं मी इंग्रजीत वाचलं होतं. समजलं ते कुंदाताईंमुळे. एकदा नर्सिंगच्या मुली लॅब बघायला आल्या होत्या आणि सर मीटिंगमध्ये अडकले होते.

"हे बघा," कुंदाताई म्हणाल्या, "गल्लीत खड्डा पडला. सोसायटीवाल्यांनी तक्रार केली. कॉन्ट्रॅक्टर आला, सिमेंट ओतलं, खड्डा बुजला. बरोबर? पण सोसायटीतला एक माणूस रोज फोन करतोय. मग हा रोज येऊन ओततोय. आता गल्ली एवढी बुजली की रिक्षा शिरत नाही."

"मग फोन बंद करायचा ना, मॅडम," एक मुलगी म्हणाली.

"केला ना. औषधं तेच करतात. पण कॉन्ट्रॅक्टरला आता सवय लागली. कडक जमीन दिसली की त्याला अजून ओतायचं सुचतं. फोनची गरजच राहिली नाही मेल्याला."

"मग काय करायचं?"

"काय करणार? फोडायचं." आणि त्या पेल्याचं झाकण उघडून पेजेचा एक घोट प्यायल्या.

हाताच्या सफाईत त्यांच्यासारखी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही. मेणात बसवलेला तुकडा मशीनवर केसापेक्षा पातळ कापायचा, ते काप कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि सुरकुती पडू न देता काचेवर उचलायचे. त्या श्वास रोखून उचलायच्या. ब्लेडच्या बाबतीत मात्र अत्यंत संशयी. ब्लेडला सूक्ष्म खाच पडली तरी कापावर आडवी रेघ उमटते. त्यांना ती रेघ सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायची. "बदल ते," एवढंच म्हणायच्या. "आत्ताच बदललं," मी म्हणायचे. "परत बदल."

माझी पहिली मोठी चूक त्यांनीच निस्तरली. आतड्याचा तुकडा मेणात बसवताना कडेवर उभा करायचा असतो, म्हणजे कापल्यावर भिंतीचे सगळे थर एकाखाली एक दिसतात. मी पहिल्या महिन्यात एक अख्खी बॅच आडवी बसवली. चटईसारखी, व्यवस्थित पसरून. मला ती फार नीटनेटकी वाटली होती.

कुंदाताईंनी मेणाचा एक ब्लॉक उजेडाला धरला. "काय गो, सगळ्यांना झोपवलंस?"

मी ब्लॉककडे बघितलं, मला त्यात काही चुकलेलं दिसेना.

"भिंत बघायची तर भिंत कापलेली दिसली पाहिजे ना. तू मला वरून फरशी दाखवतेस." मग त्यांनी सगळे ब्लॉक ट्रेमध्ये भरले. "राहू दे. मी करते जेवणाच्या सुट्टीत. मला कुठे जेवायचंय, उपवासच आहे."

तीन दिवस त्या दुपारच्या सुट्टीत मेण वितळवून एकेक तुकडा कडेवर उभा करत होत्या. सरांना कळू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी त्या स्लाइड्स बघितल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "व्हेरी गुड. फर्स्ट मंथला इतकं छान कुणी केलेलं नाही." मी खाली बघितलं. कुंदाताईंनी मला डोळा मारला. ते तुकडे कुणी उभे केले, हे मी सांगितलं नाही.

त्याच बॅचमध्ये त्यांना ते दिसलं. त्यांची एक दोनशे पानी वही होती. त्यात त्या प्रत्येक नंबरापुढे एक-दोन ओळी लिहायच्या. माझं मराठी वाचन सावकाश चालतं, त्यामुळे त्या ओळी मला अजून पाठ आहेत. "चरबीकडून गर्दी. गर्दीला लागूनच निळं." "आत शांत, बाहेर गर्दी." आमच्या रंगात व्रणाचे धागे निळे दिसतात. सगळे आतल्या अस्तराकडे बघत होते; रक्षक पेशींचे घोळके मात्र बाहेरच्या बाजूला, चरबीलगत, फायब्रोब्लास्टना खेटून बसलेले होते. आकसलेल्या प्रत्येक तुकड्यात. त्यांनी सरांना स्लाइड दाखवली.

सर वाईट माणूस नाहीत, हे लिहून ठेवायला हवं. ते दिवाळीला सगळ्यांना स्वतः मिठाई द्यायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "परबबाई, डोळा चांगला आहे तुमचा." सहा महिन्यांनी हॉस्पिटलच्या सभागृहात त्यांचं भाषण झालं, तेव्हा पडद्यावर तीच स्लाइड होती आणि खाली लिहिलं होतं, "आमच्या असं लक्षात आलं की." शेवटच्या रांगेत कुंदाताई माझ्या कानाशी लागल्या. "बघ, मी म्हटलं होतं की नाही?" त्या खूश होत्या. त्यांच्या त्या खुशीचा मला अजून राग येतो.

तुकडे किती कडक झालेत हे मोजायचं मशीन पवईच्या इंजिनीअरिंगवाल्यांकडे होतं. महिन्यातून एकदा आम्ही दोघी बर्फाचा डबा घेऊन रिक्षाने तिकडे जायचो.

"मॅडम, मच्छी है क्या?" एकदा रिक्षावाल्याने विचारलं. "पानी मत गिराना सीट पे."

"मच्छी नहीं, आतडी है," कुंदाताई म्हणाल्या.

"मटनवाली?"

"हां रे बाबा, मटनवाली. तू सामने देख."

त्या दिवशी तिथल्या पोराने आमच्यासमोर दोन तुकडे मशीनवर ओढून दाखवले. पहिला निरोगी, मोज्यासारखा ताणला गेला. दुसरा व्रणाचा. मशीन ओढत राहिलं आणि तो जागचा हलला नाही. "टायर आहे हा," तो पोरगा हसून म्हणाला. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांचा हात पोटाच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला.

येताना तलावाच्या कडेला त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. खाली उतरल्या, कठड्याला धरून वाकल्या आणि ओकल्या. पेज होती, पांढरी, तशीच. मी पाण्याची बाटली घेऊन मागे उभी राहिले. पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला ठरवता आलं नाही.

"माका जरा बसू दे," त्या म्हणाल्या.

दुखायला लागलं की त्या मालवणीत जायच्या, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. एरवी लॅबमध्ये त्यांची भाषा आमच्यासारखीच असायची, एखादा "गो" सोडला तर. मग जुन्या कितीतरी गोष्टी मला आठवल्या. लिफ्टजवळ भिंतीला टेकून "आयशीक सांगू काय तुझ्या" असं स्वतःशीच पुटपुटणं. स्लाइड उचलताना मधेच थांबून "रव, रव गो बाय" म्हणणं, म्हणजे थांब, राहा. ते मला म्हणतात असं मला वाटायचं. त्या पोटाला म्हणत होत्या.

कठड्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षं झाली. पहिल्यांदा टीबी म्हणून नऊ महिने गोळ्या दिल्या. तो टीबी नव्हता, क्रोन्स होता. त्या नऊ महिन्यांत आतलं काम चालूच राहिलं. आता त्या बोरिवलीच्या एका डॉक्टरकडे जात होत्या, कारण मुलुंडमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर बोभाटा होईल. त्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की लहान आतड्याचा शेवटचा भाग आकसलाय, ऑपरेशन करून घ्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पर्मनंटची लिस्ट लागतेय. मेडिकल होणार. पोट कापलेल्या बाईला पास करतील? ब्लड बँकेतला तो राणे, किडनीचं निघालं तर पुढची ऑर्डरच नाही निघाली त्याची. लिस्ट लागू दे. सही होऊ दे. दुसऱ्या दिवशी कापून घेते."

"पण तोपर्यंत..."

"तोपर्यंत पेज. पेज जाते." त्या उठल्या. "कुणाला बोलायचं नाही हां."

"नाही बोलणार."

"तू नाहीच बोलणार," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या. "तुला बोलता येतं कुठे!"

उपवास का, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. बायकांच्या डब्यांच्या टेबलावर रोज न जेवण्याचं कारण द्यावं लागतं, आणि हे एकच कारण असं आहे की पुढे कुणी काही विचारत नाही. वरून मानही मिळतो. देवाधर्माचं त्यांना फारसं काही नव्हतं. घरी गणपतीत आरती सुरू झाली की त्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

त्यानंतर आठ महिने मी रोज त्या पेल्याकडे बघत होते. पेज पातळ होत गेली. आतड्याच्या याच आजारावर काम करणारे चार डॉक्टर त्या खोलीतून दिवसातून दहा वेळा ये-जा करत होते. कुंदाताईंची गालफडं बसली, ड्रेसला पिना लागल्या. "ताई, डाएट सांगा ना आम्हालाही," वैशाली म्हणाली. सर म्हणाले, "परबबाई, उपवास जरा कमी करा आता. वय झालं आपलं." त्यांनी ते खरोखर काळजीने म्हटलं.

मग आमचा संशोधनाचा पेपर छापण्यासाठी स्वीकारला गेला. सरांनी लॅबमध्येच दुपारी जेवण ठेवलं. तो गुरुवार होता.

बाकीच्यांसाठी बिर्याणी. आणि कुंदाताईंसाठी वेगळं. सकाळी सर स्वतः स्टेशनजवळच्या दुकानात गेले होते. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट भरपूर घातलेली. वर तळलेले शेंगदाणे. रताळ्याचा कीस. दोन संत्री. वैशालीने सगळं एका ताटात मांडलं, कडेने रांगोळीसारखे शेंगदाणे लावले.

"आज ताई आमच्यासोबत जेवणार," ती म्हणाली. "आज नाही म्हणायचं नाही. सगळं उपवासाचंच आहे, देव पण काही बोलू शकत नाही."

टाळ्या वाजल्या. कुंदाताई ताटाकडे बघत होत्या. आकसलेल्या आतड्याला काय चालत नाही याची यादी आमच्याच लॅबच्या भिंतीवर लावलेली होती, रुग्णांसाठी छापलेली. शेंगदाणे त्यात पहिले होते, आणि संत्र्याच्या फोडींवरचे धागे दुसरे.

त्या म्हणाल्या, "मी संध्याकाळी सोडते उपवास, घरी जाऊन."

"उपवास सोडायचा कुठे आहे? उपवासाचंच तर आहे!"

खोटं किती पक्कं बांधलं होतं त्यांनी! बाहेर पडायला कुठेही फट ठेवली नव्हती.

त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी समोरच बसले होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. "त्यांचं पोट बरं नाही," एवढंच. रोग सांगायची गरज नव्हती, ऑर्डरला धक्का लागला नसता. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले.

त्या जेवल्या. सावकाश, एकेक शेंगदाणा बराच वेळ चावत. सरांनी संत्रं सोलून फोडी त्यांच्या ताटात ठेवल्या. "घ्या, परबबाई. या पेपरमध्ये तुमचाही हात आहे."

"हात आहेच, सर," त्या म्हणाल्या. लेखकांच्या यादीत सात नावं होती. पाचवं माझं होतं. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. शेवटी "तांत्रिक सहकार्याबद्दल आभार" एवढी एक ओळ होती.

साडेचार वाजता त्या स्लाइड उचलत होत्या. काप पाण्यावर तरंगत राहिला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. "बाय, माका धर," त्या म्हणाल्या.

खाली कॅज्युअल्टीत नेलं. आतडं पूर्ण बंद झालं होतं, एका ठिकाणी फुटलंही होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. वाचल्या. मळ बाहेर यायला पोटावर पिशवी लागली. "थोड्या महिन्यांनी काढता येईल," असं सर्जन म्हणाले, "बहुतेक."

सर त्यांना वॉर्डात भेटायला गेले तेव्हा मी दारात होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "परबबाई, मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत, सर?"

कुंदाताईंनी सरांना उत्तराला पुरेसा वेळ दिला. मग त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

पर्मनंटची लिस्ट त्या वॉर्डात असतानाच लागली. मेडिकलमध्ये "तूर्त अपात्र" असा शेरा आला. चालू ऑर्डर संपली आणि पुढची निघाली नाही. कुणी कुणाला काढलं नाही. फक्त एक कागद निघायचा राहिला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, नेहमीसारखा, खालून एक डबा आमच्याकडे आला होता. तुकडा संशोधनाला द्यायच्या संमतीच्या कागदावर खूण होती. नाव नव्हतं, नंबर होता. तारीख मला पाठ होती. वैशालीने नोंद केली आणि डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी तो तुकडा मेणात कडेवर उभा केला. दोनदा काढून पुन्हा बसवला. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा आतली वाट पेन्सिलीच्या टोकाएवढी होती आणि भोवती नुसतं निळं. बाहेरच्या बाजूला, चरबीलगत, गर्दी. अगदी त्यांच्या वहीत लिहिल्यासारखी.

सर म्हणाले, "इतका स्पष्ट सेक्शन आपल्याकडे आजवर आला नाही." तो मोठा करून पोस्टरवर घेतला आणि पोस्टर लिफ्टसमोर लागलं. तो कुणाचा, हे मी सरांना सांगितलं नाही.

चार महिन्यांनी कुंदाताई ओळखपत्र आणि अॅप्रन परत करायला आल्या. सैल ड्रेस, वरून ओढणी पोटावर घेतलेली. वैशाली उठून उभी राहिली आणि बसली. तिला वाक्य सुचलं नाही. कुंदाताईंनी फ्रिजवरचा आपला स्टीलचा पेला घेतला, बेसिनमध्ये विसळला, पिशवीत टाकला. वही माझ्या टेबलावर ठेवली. "तुला लागेल," म्हणाल्या. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

त्या पोस्टरसमोर थांबल्या. चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेल्या.

"कुणी कापलंय?"

"मी."

"बसवलंयस बरोबर. ब्लेड बदलायला हवं होतंस." त्यांनी बोट ठेवलं. "ही बघ रेघ." आडवी रेघ होती, केसासारखी. मला ती आजवर दिसली नव्हती. सरांनाही नाही.

मग त्यांनी कोपऱ्यातला नंबर वाचला. त्याखालची तारीख वाचली. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, गेली. त्यांचं बोट रेघेवरून सरकत निळ्याच्या मधोमध आलं, त्या पेन्सिलीच्या टोकाएवढ्या वाटेवर, आणि तिथेच थांबलं. पोटात दुखायचं आता बंद झालंय, असं त्यांनी नुकतंच आत सगळ्यांना सांगितलं होतं.

"इतकीच वाट रवली होती गो?" त्या म्हणाल्या.